खरेदी किंमत

पुस्तकाच्या मागच्या पानावरच्या नोटा
आम्ही जूनमध्येच कापल्या होत्या.
दिवाळीपर्यंत पाचशेची एक उरली, तीही चिकटपट्टीची.
दहाच्या चार डिलेशने खाल्ल्या, असं भोजराम म्हणतो.
डिलेश म्हणतो, "खाल्ल्या नाही जी, चावल्या फक्त."

म्हणून ठरवलं, या शनिवारी खरा बाजार.
शाळेच्या वऱ्हांड्यात खडूने आखलेली दुकानं,
खरा माल, खरे पैसे,
आणि प्रत्येकाला एक वही : खरेदी, विक्री, नफा, तोटा.
रकाने मी रात्री बसून आखले,
वीज गेल्यावरच्या तीन वह्यांत रेघा वाकड्या आल्या.

टिकेशने मुरमुऱ्याचं दुकान मांडलं,
दुपारपर्यंत अर्धं पोतं स्वतःच संपवलं
आणि प्रामाणिकपणे लिहिलं :
गिऱ्हाईक – टिकेश. उधार.

सुट्ट्यांची बोंब झाली.
रुपयाऐवजी लीलेश्वरीने चॉकलेट पुढे केलं,
तर दुसरीतला एवढासा पोरगा हात मागे घेऊन म्हणाला,
"मंग मी बी तुले चॉकलेटच देईन. चालंन?"
हे मी शिकवलं नव्हतं.

ढिवरटोलीतल्या चेतेश्वरीकडे उकडलेले शिंगाडे.
काळे, वाफाळते, पळसाच्या द्रोणात.
ती शेकड्यात नाही, कोडीत मोजते.
वीसची कोडी, दहा रुपयाला.
केंद्रप्रमुख बाजार बघायला आले,
एक कोडी उभ्याउभ्या खाल्ली, बोटं काळी केली,
"छान उपक्रम, छान" म्हणत मोटारसायकलवर बसले.
चेतेश्वरी फाटकापर्यंतही गेली नाही.
तिने वही उघडून लिहिलं :
मोठे सर, दहा रुपये, बाकी.

मग हिशेब.
विक्री, बाकी धरून, शंभर.
खरेदीचा रकाना कोरा.
"अगं, शिंगाडे कितीला पडले?"
"पडले नाही जी. बोडीतले हायेत."
"मग शून्य लिही."
तिने पेन्सिल टेकवली. उचलली.
"माय पहाटेपासून गळ्याएवढ्या पाण्यात रायते जी.
काटे रुततेत. जळवा लागतेत.
त्याचं शून्य कसं लिहू?"

वर्ग जागा झाला.
रोजी धर, तीनशे, डिलेश म्हणाला.
थंडीचे जास्त धर, भोजरामचं म्हणणं.
बोडीचा ठेका? तो सोसायटीत बाबा भरतेत.
सरपण? मीठ? द्रोण कोणं लावले? मीनंच.
तर मग तुही बी रोजी धर ना बावा!
बेरीज चढत गेली,
विक्री कुठेतरी खालीच राहिली.

"म्हणजे तोटा झाला का जी?"
फळ्यावर माझ्याच अक्षरात नफ्याचं सूत्र,
त्याखाली दोन रेघा मारलेल्या.
डी.एड.ला या प्रश्नाचं पान नव्हतं,
किंवा असेल, मी त्या दिवशी गैरहजर असेन.
"सध्या पेन्सिलनेच ठेव," मी म्हणालो.
घंटा झाली म्हणून वाचलो.

जानेवारीत केंद्रप्रमुख पुन्हा आले,
वाचन तपासायला.
बोट नेमकं चेतेश्वरीवर : "तू वाच गं."
"काय वाचू?"
"काहीही. हातात असेल ते."
ती उठली. दप्तरातून वही काढली.
स्वल्पविरामाला थांबत,
आम्ही घोकून घेतलं होतं तसं,
खणखणीत वाचलं :
"मोठे सर, दहा रुपये, बाकी."

पंख्याचा आवाज तेवढा चालू होता.
सरांनी खिसा चाचपला, विसाची नोट काढली.
"घे. राहू दे वरचे."
"नाही जी, वहीत बसत नाही."
तिने कंपासपेटी उघडली
आणि दहा रुपये सुटे,
रुपया रुपया करत,
त्यांच्या तळव्यावर मोजले.
एक नाणं घसरलं, तर पुन्हा पहिल्यापासून.

तेवढा वेळ सर
हात पसरून उभे होते.